पार्टी जो स्क्रीनशॉट घेऊन येते, तो तुमच्या कामाचा कसा होईल?

प्रश्न सांगलीहून आला आहे. दोघी जावा मिळून लग्नाची कामं घेतात. थोरली मांडव आणि बोहल्याची सजावट बघते. धाकटी नवरीला नऊवारी नेसवते, मेकअप करते, आणि सीझन नसताना घरी मुंडावळ्या, अंतरपाट, अक्षतांच्या डब्या बनवते. इन्स्टाग्रामवर चार हजारांच्या आसपास लोक जोडलेले आहेत, लाइक येतात, पण बुकिंग बहुतेक ओळखीतूनच होतं. कुणीतरी सांगितलं की पिंटरेस्टवर (आवडलेले फोटो शोधून जपून ठेवायच्या अ‍ॅपवर) फोटो टाका, आता लोक गूगल लेन्सवर (फोटोवरून शोधायच्या सोयीवर) शोधतात. ‘हे खरंच आमच्यासारख्यांच्या कामाचं आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करायची?’ असं थोरल्या ताईंनी विचारलं आहे.

ताई, हो, कामाचं आहे. पण तुमच्या तिन्ही कामांना सारखं कामाचं नाही. ते का, हे आधी सांगते, म्हणजे वेळ कुठं घालायचा ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मी पुण्यात लग्नाच्या सजावटीचं काम २००६ पासून करते. तेव्हा पार्टी आली की आम्ही अल्बम पुढं ठेवायचो, प्लॅस्टिकच्या खिशांचा, जाड पुठ्ठ्याचा. पार्टी पानं उलटायची आणि आम्ही दाखवू त्यातलंच निवडायची. आता पार्टी येते तीच फोन हातात धरून. मागच्या मार्गशीर्षात एक आई आणि मुलगी आल्या. पाणी पिऊन झालं, आणि मुलीनं फोन पुढं केला. फोटोत वाड्याच्या चौकातला बोहला होता: मागं केळीचे खुंट, वर झेंडूच्या माळांचं छत, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या पितळी समया. आईनं मला विचारलं, ‘या समया कुठं मिळतील हो?’ मी तोंड उघडायच्या आत मुलीनं समईभोवती बोटानं गोल काढला आणि तशाच दिसणाऱ्या पंधरा-वीस समया खाली येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एका फोटोखाली उंची लिहिलेली होती, गाव लिहिलेलं होतं, किंमत लिहिलेली होती. आई म्हणाली, ‘अगं, हे तर नाशिकचं दुकान. मावशीला सांगू, घेऊन येईल.’ संध्याकाळी समयांचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला, घेतलेल्या समयांचा.

त्या नाशिकच्या दुकानदारानं या मायलेकींना कधी पाहिलेलं नाही, त्यांना काही विकायला तो गेला नव्हता. त्यानं एका समईचा एक स्वच्छ फोटो काढून त्याखाली चार खरे शब्द लिहिले होते, तेवढंच. त्या दिवसापासून मी आमच्या पोरांना हेच सांगते, की फोटो ठेवायचा तो सापडावा म्हणून.

ही सोय काही कालची नाही. पिंटरेस्ट सुरू झालं २०१० मध्ये, आणि फोटोतल्या एखाद्या भागाभोवती चौकट ओढून तसंच दुसरं शोधायची सोय तिथं २०१५ मध्ये आली. फोनचा कॅमेरा वस्तूवर रोखून शोधायची सोय पिंटरेस्टनं आणि गूगल लेन्सनं २०१७ मध्ये दिली. जानेवारी २०२४ पासून काही अँड्रॉइड फोनवर तर कुठल्याही पडद्यावर, मग तो मैत्रिणीचा स्टेटस का असेना, बोटानं गोल काढला की शोध सुरू होतो. त्या मुलीनं तेच केलं होतं.

आतून काय होतं ते थोडं समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर अवलंबून आहे. फोटोतले रंग, आकार, पोत, मांडणी यांचं यंत्र आकड्यांत रूपांतर करून ठेवतं आणि ज्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ, ते फोटो शेजारी शेजारी आणतं. पण नुसत्या दिसण्यावर त्याची फसगत होते. बोहला आणि गणपतीची आरास, दोन्हीकडं झेंडू, केळीचे खुंट, मखर, समया. यंत्राला त्यात फरक दिसेलच असं नाही. तिथं शब्द मदतीला येतात: फोटोचं शीर्षक, खालचं वर्णन, फोटो ज्या पानावर आहे तिथला मजकूर. पिंटरेस्टवर आणखी एक गोष्ट मोजली जाते. लोकांनी तुमचा फोटो आपल्या कुठल्या बोर्डावर (म्हणजे एका विषयाचे फोटो जपायच्या कप्प्यात), कुठल्या फोटोंच्या शेजारी ठेवला, यावरूनही तो कशाचा आहे हे ठरतं. म्हणजे माणसाची ओळख जशी त्याच्या संगतीवरून होते, तशीच फोटोची.

इन्स्टाग्राम सोडू नका. पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. तिथं तुम्हाला आधीपासून ओळखणारी माणसं आज काय टाकलं ते बघतात आणि उद्या विसरतात. पिंटरेस्टवर येणारी मुलगी तुम्हाला ओळखत नाही, तिला ओळखायचंही नाही. तिच्या डोक्यात ‘हळदीला पिवळ्याऐवजी काय’ एवढंच असतं. म्हणून तिथला चांगला फोटो महिन्यांनी, कधी दोन वर्षांनीही माणसं आणत राहतो. आमच्या एका रुखवताच्या मांडणीचा फोटो अजून चौकश्या आणतो, आणि त्या लग्नातली मुलगी आता आई झाली आहे.

आता तुमच्या तीन कामांबद्दल.

सगळ्यात जास्त फायदा धाकटीच्या मुंडावळ्यांना, अंतरपाटांना आणि अक्षतांच्या डब्यांना होईल. कारण ती वस्तू कुरियरनं जाते. फोटो पुण्यात बघितला काय, बंगळुरूत काय आणि अमेरिकेत न्यू जर्सीत काय, पार्सल पोचतंच. शिवाय मुंडावळ्यांची एक गंमत आहे: कितीतरी लोकांना हा शब्दच माहीत नसतो. मराठी मुलाशी लग्न ठरलेली तमिळ किंवा पंजाबी मुलगी नणंदेच्या फोटोत कपाळावरून सुटलेल्या मोत्यांच्या माळा बघते. त्यांना काय म्हणतात हे तिला ठाऊक नसतं, म्हणून ती टाइप करत नाही, फोटोवर बोट ठेवते. शब्द नसलेला गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचायचा हा एकच रस्ता आहे. त्यामुळे तुमच्या फोटोत मुंडावळ्या नीट, मोठ्या आणि पूर्ण दिसल्या पाहिजेत: एकदा साध्या कापडावर पसरलेल्या आणि एकदा कपाळावर बांधलेल्या. वर्णनात ‘मुंडावळ्या’ तर हवंच, पण ‘लग्नात नवरा-नवरीच्या कपाळाला बांधायच्या मोत्यांच्या माळा’ हेही हवं. अंतरपाटाचं तसंच. भरतकामाचे, नावं घातलेले अंतरपाट आता लोक मुद्दाम करून घेतात आणि लग्नानंतर फ्रेम करून भिंतीवर लावतात. धाकटीनं एका अंतरपाटाचे चार फोटो ठेवावेत: पूर्ण उघडलेला, भरतकाम जवळून, दोघं दोन बाजूंनी धरून उभे आहेत असा, आणि नंतर फ्रेममधला. हे चारही फोटो वेगवेगळ्या मुलींना सापडतील.

नऊवारी आणि मेकअपचा फायदा मधला. ते काम गाव-जिल्ह्यात होतं, पण चांगलं काम करणारीला लोक कोल्हापूरला, साताऱ्याला, कधी पुण्यालाही बोलावतात. इथं मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मेकअपचे फोटो टाकताना चेहऱ्याचा रंग उजळवू नका. आपल्याकडच्या बहुतेक मुली सावळ्या आहेत आणि त्यांना आपल्यासारख्या दिसणाऱ्या नवरीवर मोरपंखी शालू कसा खुलतो, नथ कशी दिसते, हेच बघायचं असतं. पिंटरेस्टनं २०१८ मध्ये त्वचेच्या रंगानुसार फोटो गाळायची सोय आणली ती याच गरजेपोटी. फिल्टर मारून सगळ्या नवऱ्या एकाच रंगाच्या केल्या, तर त्या मुलीला तुम्ही सापडणार नाही, आणि सापडलात तरी ‘हिला माझ्यासारखीचा मेकअप जमत नाही’ असंच तिला वाटेल. खोपा, अंबाडा, त्यावरचा गजरा, चंद्रकोर, ठुशी, तन्मणी, कोल्हापुरी साज यांचे जवळून फोटो वेगळे काढा. पाठीमागून घेतलेला अंबाड्याचा फोटो चेहऱ्याच्या फोटोपेक्षा जास्त जपून ठेवला जातो, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. त्यात चेहरा नसल्यामुळे नवरीची परवानगीही पटकन मिळते.

आणि मांडव, बोहला, हळदीचा चौक? इथं पिंटरेस्ट दुसऱ्या नंबरवर. तुमचा बोहला लखनौच्या मुलीनं जपून ठेवला तर आनंद आहे, पण ती सांगलीला लग्न करणार नाही. पिंटरेस्टला जागा फारशी कळत नाही. सजावटीच्या कामाला पहिली जागा द्या ती गूगलवरच्या तुमच्या व्यवसायाच्या नोंदीला, म्हणजे नकाशावर नाव, फोन, वेळ आणि फोटो दिसतात त्या फुकटच्या पानाला. ‘सांगलीत बोहला डेकोरेशन’ असं शोधणारा माणूस उद्याच फोन करणारा असतो. तिथं ७२० गुणिले ७२० पिक्सेलपेक्षा लहान फोटो ठेवू नका, आणि प्रत्येक लग्नानंतर दोन-तीन नवे टाका. पार्टीला रिव्ह्यू मागताना नुसते तारे मागू नका, ‘तुमच्याकडचा एखादा फोटोही टाका’ म्हणून सांगा. पाहुण्याच्या फोनमधला किंचित तिरका फोटो बघून नव्या पार्टीचा जेवढा विश्वास बसतो, तेवढा आपल्या चकचकीत फोटोवर बसत नाही.

आता फोटो काढण्याबद्दल, कारण बहुतेक सजावटवाल्यांची गाडी इथंच अडते. लग्नाचा फोटोग्राफर नवरा-नवरीचे फोटो काढतो. तुमचा बोहला त्याच्या फोटोत मागं धूसर असतो, आणि ते बरोबरच आहे, त्याला पैसे त्यासाठी मिळालेत. तुमच्या कामाचा फोटो तुम्हालाच काढावा लागतो. काम संपल्यापासून पाहुणे येईपर्यंतची वीस मिनिटं ही त्याची वेळ. सकाळचा मुहूर्त असेल तर हे साडेसहा-सातला येतं. रात्रभर जागून पोरांचे डोळे मिटत असतात, सगळ्यांना फक्त चहा हवा असतो. तरीही ती वीस मिनिटं सोडू नका. पुढं वर्षभर तेच फोटो तुमच्यासाठी राबणार असतात.

आधी बोहल्यावरून नजर फिरवा. चिकटपट्टीचं रीळ, कात्री, फुलांची रिकामी करंडी, निळी बादली, स्टेजखालून डोकावणारी वायर हे सगळं बाजूला करा. फुलांवर पाणी मारा. मग लाइटवाल्याला सांगा, ‘दादा, पाच मिनिटं रंग बंद ठेवा, नुसता पिवळा राहू द्या.’ हे फार महत्त्वाचं आहे. रंगीत एलईडीच्या जांभळ्या-गुलाबी झोतात केशरी झेंडू मातकट तपकिरी दिसतो. आपल्या डोळ्यांना तो झेंडू आहे हे माहीत असतं, म्हणून आपण मनातल्या मनात रंग दुरुस्त करून घेतो. यंत्र तसं करत नाही. त्याला तो तपकिरीच. केशरी झेंडूचा बोहला शोधणाऱ्या मुलीपुढं मग तुमचा फोटो येतच नाही, दुसऱ्याच कुणाचा येतो. आमच्या दोन सीझनचे बरेचसे फोटो असे वाया गेले, तेव्हा कुठं हे माझ्या लक्षात आलं.

फोन उभा धरा. पिंटरेस्टवर उभा फोटो चालतो, दोनास तीन या प्रमाणात, १००० गुणिले १५०० पिक्सेल. आधी पूर्ण बोहला समोरून, छातीच्या उंचीवरून, खांब सरळ येतील असा. मग एकेक वस्तू: तोरणाची गाठ, गौरीहराची मांडणी, पाटाभोवतीची रांगोळी, दाराशी नावांची पाटी, केळीच्या खुंटाला बांधलेला आंब्याचा टाळा, रुखवताच्या टेबलाचा एक कोपरा. एका फोटोत एकच गोष्ट ठसली पाहिजे. गर्दीच्या फोटोत यंत्रही गोंधळतं आणि माणूसही. पूर्ण बोहल्याचा फोटो मात्र जरूर ठेवा, कारण पिंटरेस्ट अशा फोटोतल्या वस्तू वेगवेगळ्या ओळखतं, आणि तुमच्या समईवर बोट ठेवून आलेली मुलगी बोहलाही बघून जाते.

लोगो कोपऱ्यात, लहान. मी एके काळी तो मधोमध, फुलांवरच छापत असे, चोरी होऊ नये म्हणून. त्यानं चोरी थांबली नाही, फोटो मात्र कुणी जपून ठेवेना. आपल्या लग्नाच्या बोर्डावर दुसऱ्याच्या नावाचा शिक्का कुणाला हवा असतो?

फोटो फोनमधून निघाला की त्याला नाव द्या. कॅमेऱ्यानं दिलेलं अक्षर-आकड्यांचं नाव तसंच ठेवू नका. ‘केशरी झेंडू बोहला सांगली’ असं काही तरी ठेवा, रोमन लिपीत, शब्दांमध्ये आडव्या रेघा देऊन. फोटोचं नाव, त्याला जोडलेलं पर्यायी वर्णन (फोटो न दिसणाऱ्यासाठी लिहायचं वाक्य) आणि आजूबाजूचा मजकूर या गोष्टी गूगल बघतं. शीर्षक-वर्णनात देवनागरी आणि रोमन दोन्ही ठेवा, कारण आपल्या मुली मराठीत विचार करतात पण फोनवर रोमनमध्ये टाइप करतात, आणि ‘मुंडावळ्या’चं रोमन स्पेलिंग चार जणी चार तऱ्हेनं करतात. ते चारही एकाच वर्णनात कोंबू नका, वाचायला घाण दिसतं. एका फोटोला एक स्पेलिंग, दुसऱ्याला दुसरं. आणि मराठीबाहेरच्या लोकांसाठी ‘महाराष्ट्रीयन वेडिंग’, ‘नऊवारी ब्राइड’ असे शब्द एखाद्या वाक्यात ओघानं येऊ द्या.

बोर्डाला ‘आमचं काम’ असं नाव देऊ नका. तुमचं काम कुणीच शोधत नसतं. ‘घरच्या अंगणातली हळद’, ‘साखरपुड्याची छोटी सजावट’, ‘रुखवत मांडणी’, ‘वाड्यातला बोहला’, ‘ग्रहमखाची तयारी’ अशी नावं द्या. केळवणाचा एक वेगळा बोर्ड करा. केळवणाचं ताट, केळीचं पान, भोवतीची महिरप यांचे फोटो लोक आवडीनं जपतात, आणि केळवणापासून लग्नाला फार दिवस उरलेले नसतात, म्हणजे बघणारं घर ऐन तयारीतलं असतं. खातं व्यवसायाचं उघडा, ते फुकट आहे, आणि त्यात कुठला फोटो किती जणांनी जपला, किती जण पुढं तुमच्या पानावर गेले, हे कळतं.

आता पुढं म्हणजे कुठं? पिंटरेस्टवरच्या प्रत्येक फोटोमागं एक दुवा असतो, आणि तो मोकळा सोडणं म्हणजे दुकानाची पाटी लावून शटर ओढून घेणं. साधी का होईना, स्वतःची वेबसाइट करा आणि पिंटरेस्टमध्ये ती आपल्या नावावर करून घ्या, तशी सोय तिथं आहे. एका लग्नाला एक पान. त्यावर आठ-दहा फोटो आणि पाच-सहा वाक्यं: कुठल्या गावी, कार्यालय की लॉन की घरचं अंगण, स्टेजची रुंदी किती फूट, फुलं कुठली, खरी किती आणि कापडी-कागदी किती, लावायला किती तास लागले, साधारण खर्च कुठून कुठपर्यंत. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. पान फोनवर पटकन उघडलं पाहिजे, म्हणून फोटो आकारानं हलके करून टाका.

खर्चाबद्दल आपल्या धंद्यात सगळे कचरतात. ‘शेजारचा डेकोरेटर बघेल’, ‘पार्टी घाबरेल’. ताई, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. शेजारच्याला तुमचे दर फुलवाल्याकडून कळतातच. आणि जिला परवडत नाही ती पार्टी फोन करून, भेटायला येऊन, तीन वेळा कोटेशन घेऊन मग नाही म्हणते, त्यापेक्षा आधीच कळलेलं दोघांच्या सोयीचं. नेमका आकडा नको, पल्ला द्या, आणि फुलांचा बाजार मुहूर्ताच्या दिवशी चढतो हेही लिहा.

फोटोंच्या हक्काबद्दल दोन शब्द, कारण यात चांगली माणसंही चुकतात. लग्नाच्या फोटोग्राफरनं काढलेला फोटो तुमच्या बोहल्याचा असला तरी तो तुमचा नसतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. आणि फोटोग्राफरच्या करारात बहुतेक वेळा वेगळं लिहिलेलं असतं. म्हणून दोघांनाही विचारा. आम्ही बुकिंगच्या कागदावरच एक ओळ घातली आहे: सजावटीचे फोटो वापरायला हरकत आहे का, चेहरे चालतील का. ‘चेहरे नकोत’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारत नाही. लहान मुलांचे चेहरे तर कुणी हो म्हटलं तरी टाकत नाही.

आणि दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून कधीही टाकू नका. एका सजावटवाल्यानं आमच्या कामाचे फोटो आपल्या पानावर लावले होते. एका मुलीनं ते आवडले म्हणून गोल काढून शोधलं आणि ती थेट आमच्या पानावर आली. तिथं तोच बोहला, गावाच्या नावासकट. तिनं आम्हाला फोन करून ‘हे नक्की कुणाचं?’ असं विचारलं. तिचं काम आम्हाला मिळालं, पण मला आनंद झाला नाही, कारण तो मुलगाही हातानं चांगलं काम करणारा होता, त्याचा स्वतःचा फोटो तेवढाच चालला असता. स्वतःचे फोटो कुणी उचललेत का, हे तुम्हीही वर्षातून एकदा असंच शोधून बघा. पिंटरेस्ट आणि गूगल दोन्हीकडं तक्रारीचा अर्ज आहे.

हल्ली एक नवीन अडचण आहे. पार्टी जे फोटो आणते, त्यातले बरेच एआयनं बनवलेले असतात. खांबाशिवाय तरंगणारं फुलांचं छत, जमिनीला न टेकणारे झुले, मे महिन्यात दुपारी उघड्यावर ताजा मोगरा. पिंटरेस्टनं २०२५ पासून अशा फोटोंवर खूण लावायला सुरुवात केली आहे, पण पार्टीच्या हातात असतो स्क्रीनशॉट, आणि त्यावर खूण राहतेच असं नाही. मी पार्टीला नाही म्हणत नाही. शांतपणे विचारते, ‘हे छत कशावर टेकलंय, दाखवा बरं.’ मग त्यांनाच दिसतं. यासाठीच तुमच्या फोटोखाली ‘प्रत्यक्ष केलेलं काम’, गाव आणि महिना लिहा. पहाटे शिडीवर चढून माळ बांधणाऱ्या पोराचा एखादा फोटोही त्याच पानावर ठेवा. बनावट चित्रांच्या गर्दीत असा एक फोटो बघितला की आईबापांचा जीव भांड्यात पडतो.

कधी टाकायचं? पंचांग बघून. कार्यालय सहा-आठ महिने आधी ठरतं, सजावट दोन-चार महिने आधी, मुंडावळ्या-अंतरपाट महिना-दीड महिना आधी. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, म्हणून बोहल्याचे फोटो आषाढ-श्रावणात, हळदीचे गणपतीच्या सुमाराला आणि धाकटीच्या वस्तू नवरात्र-दिवाळीत वर आल्या पाहिजेत. परदेशात राहणारी मराठी मुलं डिसेंबरच्या सुट्टीत येऊन लग्न करतात. ती तिकिटं काढतात तेव्हाच फोटो जपायला लागतात, म्हणजे जून-जुलै. अधिक महिन्याकडंही लक्ष ठेवा. २०२३चा अधिक श्रावण चातुर्मासातच आला, त्यामुळे धंद्याला जाणवला नाही. २०२६चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन उन्हाळी सीझनमध्ये आहे, आणि त्यामुळे मुहूर्त आधीच्या तारखांत गर्दी करतात. त्या उन्हाळ्याची माणसं नेहमीपेक्षा लवकर शोधायला लागतात. चातुर्मासात आपण रिकामे असतो असं म्हणतो, पण फोटोंचं सगळं काम करायची वेळ तीच.

पैसे देऊन जाहिरात इतक्यात करू नका. आधी वीस-पंचवीस खरे फोटो, प्रत्येकामागं पान, आणि सहा महिने धीर. एका दिवसात पन्नास फोटो ओतण्यापेक्षा आठवड्याला चार-पाच टाका. बघणाऱ्यांचे आकडे मोठे दिसतील, त्यांनी हुरळून जाऊ नका. किती जणांनी जपला आणि किती जण पानावर आले, तेवढंच बघा. आणि फोनशेजारी एक वही ठेवा. चौकशीचा फोन आला की नाव, तारीख, गाव याखाली चौथा रकाना करा: ‘फोटो कुठं पाहिलात?’ आमच्याकडं ही वही सात वर्षं चालू आहे. एखादा बोर्ड चालू ठेवायचा की सोडून द्यायचा, हे मी त्या रकान्यावरून ठरवते.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला दोन तास पुरतात, पण ते एकीनं नेमून घ्यायला हवेत. तुमच्या घरात ते धाकटीनं घ्यावेत असं मला वाटतं, कारण तिच्या वस्तूंना पहिला फायदा आहे. तुम्ही मात्र या आठवड्यात एक करा: मागच्या सीझनची तुमची सगळ्यात मनाजोगी पाच लग्नं काढा, त्यांचे फोटो बघा, आणि त्यातल्या किती बोहल्यांचा रंग खरा आला आहे ते मोजा. तीनांपेक्षा कमी भरले तर वेबसाइट, पिंटरेस्ट सगळं थांबवा, आणि पुढच्या मुहूर्ताला त्या वीस मिनिटांपासून सुरुवात करा.